आमच्याकडची पद्धत

४ ऑगस्ट

ही वही मुलीने दिलेली. नोकरीसाठी लांब गेली तेव्हा म्हणाली, "आई, मनातलं सगळं बाबांवर काढत जाऊ नकोस, इथे काढ." इतके दिवस बाबांवरच भागत होतं. आज भागेना.

हेडसरांनी मधल्या सुट्टीत बोलावलं, दार लोटून घेतलं आणि टेबलावरच्या पेपरवेटशी बोलायला लागले. या माणसाची ही वाईट खोड आहे. निम्मे शब्द मिशीत, निम्मे टेबलावर. दोनदा विचारल्यावर कळलं ते असं, की पुढच्या सत्रापासून मी चौथीचा वर्ग सोडून ग्रंथालय बघावं, कारण "काही गोष्टी कानावर आल्यात".

कुठल्या गोष्टी, विचारलं. त्यावर परत पेपरवेट.

मला कळतंय कुणाचं काम आहे ते. शेजारच्या वर्गाच्या बाई. त्यांच्या वर्गात मासळीबाजार भरलेला असतो आणि माझा वर्ग शाळेतला सगळ्यात शांत वर्ग. टाचणी पडली तरी ऐकू येईल. ते त्यांना बघवत नाही. आणि ग्रंथालयात बसवणं म्हणजे काय, जिवंत शिक्षकाला कपाटात ठेवून वर कुलूप घालणं! मला फळा हवा, खडू हवा, पोरं हवीत. निवृत्त होईन तेव्हा होईन, पण वर्गातून होईन.

निघताना हेडसर म्हणाले, अध्यापक महाविद्यालयाच्या देवाणघेवाणीत परदेशातली एक शिकाऊ शिक्षिका येतेय, तिच्यासाठी एक वर्ग आणि राहायला एक घर हवंय. मी म्हटलं, दोन्ही माझंच लिहा. त्यांचा चेहरा पडला, पण नाही कसं म्हणणार? सत्राच्या शेवटी ती सगळ्यांसमोर बोलणार म्हणे, इथे काय शिकले ते. तिने चार चांगले शब्द काढले की हेडसरांची काय बिशाद आहे मला वर्गातून उठवायची.

९ ऑगस्ट

पाहुणी आली. उंच, शेलाटी, आणि बुटांची जोडी दाराशी अशी सरळ लावते की आमच्या ह्यांना आपली चप्पल तिथे टाकायची लाज वाटावी. मुलीची खोली तिला दिली. आपली भाषा ती वर्षभर शिकून आलीय. प्रत्येक शब्द इस्त्री करून बाहेर काढते, पण काढते जमिनीकडे बघत, आणि इतक्या हळू की मुंगीच्या कानात सांगावं. मी नुसती मान हलवत बसले. ह्यांना बरं सगळं कळलं.

ह्यांचं म्हणाल तर निवृत्त झाल्यापासून काहीतरी नवीन खूळ रोज. हल्ली खोलीत येताना दिवा एकदा बंद करून परत लावतात. विचारलं तर म्हणतात, बटण तपासतोय. रिकामा न्हावी, दुसरं काय!

११ ऑगस्ट

पाहुणीचा वर्गातला पहिला दिवस. सकाळी तोंडातल्या तोंडात बोलत होती. मधल्या सुट्टीत आमच्या वर्गातल्या भोंग्याने तिला खिडकीपाशी नेऊन काय काय समजावलं. ही पोरगी पहिल्या बाकावर बसते, माझ्या टेबलाला खेटून. वर्गात कुणीही उत्तर दिलं की तेच पुन्हा खणखणीत आवाजात म्हणते, म्हणून मी तिचं नाव भोंगा ठेवलंय. कितीदा रागावले, की अगं, तो बोलला ना, तू कशाला री ओढतेस? तेवढ्यापुरती गप्प बसते आणि पुढच्या उत्तराला परत सुरू.

ते असो. सुट्टीनंतर पाहुणी माझ्यासमोर आली, हनुवटी वर केली, माझ्या डोळ्यांत बघून सावकाश म्हणाली, "बाई, मी कुठे बसू?" सगळं स्वच्छ कळलं. अर्ध्या दिवसात एवढा फरक! माझ्या वर्गाची हवाच तशी आहे.

२६ ऑगस्ट

पाहुणीचा पहिला सराव पाठ. विषय पाण्याचे उपयोग. मी मागच्या बाकावर बसून निरीक्षण करत होते.

तयारी छान, चित्रं स्वतः काढलेली. पण मुलं ढिम्म. तिने प्रश्न विचारायचा, मुलांनी हात वर करायचे, एकाने उभं राहायचं आणि चिडीचूप. ती मात्र "छान, छान" म्हणत पुढच्या प्रश्नाकडे. मला घाम फुटला. पाठ संपल्यावर बाजूला घेऊन सांगितलं, "मुलांचा प्रतिसाद अगदीच कमी होता. एकही उत्तर आलं नाही. न आलेल्या उत्तराला छान म्हणू नये."

ती म्हणाली, "बाई, पण सगळे बोलले."

तरुण मुलांचा हाच दोष. टीका म्हणून सहन होत नाही. भोंगा दारात उभी राहून ऐकत होती, तिला हाकललं.

२ सप्टेंबर

दुसरा सराव पाठ. आज चमत्कार! पाहुणी पुढे फळ्यापाशी, मी मागे, आणि ज्याला उत्तर द्यायचं तो उभा राहून मागे वळायचा, माझ्याकडे तोंड करायचा, हनुवटी वर, आणि मग उत्तर. भोंगासुद्धा आज उठून मागे माझ्या शेजारी येऊन बसली होती. प्रत्येक उत्तर कळलं. पाहुणी जरा गोंधळली, मग तिने वहीत काहीतरी लिहून घेतलं.

मी तिला म्हटलं, "बघितलंस? सांगितल्यावर सुधारणा होते." ती म्हणाली, "हो बाई. मला आता पद्धत कळली."

हुशार आहे पोरगी. उगाच कशाला नावं ठेवा.

५ सप्टेंबर

पालकसभा. भोंग्याची आई आली होती. मी सांगितलं, मुलगी गुणी आहे, पण आवाज आवरायला शिकवा. तर त्या म्हणाल्या, "बाई, घरी तर ती तोंड उघडत नाही. संध्याकाळी घसा बसलेला असतो. रोज मिठाच्या गरम पाण्याने गुळण्या करायला लावते मी." आणि माझ्याकडे अशा बघत राहिल्या, जशी काही मी काहीतरी सांगणार आहे.

काय सांगणार? काही आयांना आपलं पोर घरात एक आणि बाहेर एक असतं हे माहीतच नसतं. मी म्हटलं, डॉक्टरांना दाखवा. त्या "बरं" म्हणाल्या आणि उठल्या.

१२ सप्टेंबर

हसून हसून पोट दुखलं. पाहुणी काल हेडसरांच्या खोलीत गेली ती आधी बटणाशी गेली, दिवा बंद केला, परत लावला, आणि मग "आत येऊ का?" हेडसरांना वाटलं वीज गेली. मला विचारतात, "ही तुमची पाहुणी माझ्या दिव्याशी का खेळते?" मी म्हटलं, "सर, त्यांच्याकडे तशी रीत असेल. परक्या मुलखातलं माणूस, समजून घ्यायला नको?"

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. मला वाटलं हसतील. तर ताटातून मान वर केली नाही त्यांनी.

१९ सप्टेंबर

दूध उतू जाऊन करपलं. मी शेजारच्याच खोलीत वह्या तपासत होते. हे धावत आले आणि म्हणाले, "अगं, मी तीन हाका मारल्या." मी म्हटलं, तोंडात सुपारी धरल्यासारखं बोलाल तर कुणाला कळणार? जरा वेळाने समोर येऊन बसले. "एकदा कान दाखवून येऊ या का?" मी म्हटलं, आधी तुमचं पुटपुटणं दाखवून या. विषय संपला.

जगात सगळ्यांचे आवाज एकदम कसे हो बसले? मुलगी फोनवर गुळमुळीत, भाजीवाला गुळमुळीत, हेडसर तर काय बोलायलाच नको. नीट बोलतात ती फक्त माझी चाळीस पोरं. आणि आता पाहुणी.

२८ सप्टेंबर

उद्या पाहुणीचं भाषण. महाविद्यालयाच्या सभागृहात सगळे असणार, आमचे शिक्षक, शिकाऊ मुलं, तिच्या देशातून आलेल्या तिच्या मार्गदर्शक बाई. हेडसर आज म्हणाले, "उद्याचं होऊ द्या, मग तुमच्या वर्गाचं ठरवू." म्हणजे सगळं उद्यावर. पाहुणीला विचारलं, माझ्याबद्दल काय बोलणार? ती लाजली. "तुमच्या वर्गात मी सगळ्यात मोठी गोष्ट शिकले." झोप कसली येतेय आता!

२९ सप्टेंबर

लिहावंसं वाटत नाहीये. तरी लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

पाहुणी मंचावर आली. हनुवटी वर, सावकाश, पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्याकडे बघत. प्रत्येक शब्द मला कळत होता. म्हणाली, "मी तुमच्या देशाच्या चार सुंदर पद्धती माझ्या देशात घेऊन जाणार आहे."

पहिली, इथे मूल बोलताना पुस्तकाशी किंवा खिडकीशी बोलत नाही. हनुवटी वर करून समोरच्या माणसाच्या चेहऱ्याशी बोलतं. दुसरी, एकाचं उत्तर दुसऱ्याने मोठ्याने पुन्हा म्हणायचं, म्हणजे उत्तर एकट्याचं राहत नाही. तिसरी, प्रश्न कुणीही विचारला तरी उत्तर देताना वर्गात जे वयाने सगळ्यात मोठं असेल त्यांच्याकडे वळायचं, हा मान. चौथी, खोलीत जाण्याआधी दिवा एकदा बंद करून लावायचा, म्हणजे आतल्या माणसाला दचकायला होत नाही.

मी टाळ्या वाजवल्या. मोठ्याने वाजवल्या. मग लक्षात आलं, माझ्या दोन्ही बाजूंना बसलेल्यांचे हात मांडीवरच आहेत.

मागे कुणीतरी उभं राहिलं असावं, कारण पाहुणी माझ्या डोक्यावरून लांब बघू लागली. काय विचारलं ते मला कळलं नाही. तिचं उत्तर मात्र कळलं, कारण ती पुन्हा माझ्याकडे वळली आणि हसून म्हणाली, "नाही, बाकी शाळांमध्ये मी नाही पाहिलं. फक्त बाईंच्या वर्गात. आणि बाईंच्या घरी."

अख्खं सभागृह माझ्याकडे वळलं. एकूण एक तोंड. मला वाटलं, कौतुक चाललंय. मी उठले. उठून सगळ्यांकडे वळून मान झुकवली, हात छातीशी धरून, नाटकातल्या नटीसारखी. देवा! मान झुकवली मी!

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. शेजारच्या वर्गाच्या बाई डोळे पुसत होत्या. हेडसर आपल्या बुटांकडे बघत होते. शेवटच्या रांगेत आमचे हे, दोन्ही हातांत चेहरा धरून. तरी कळलं नव्हतं. काहीतरी वाईट झालंय एवढंच कळलं.

घरी येताना हे वाटेत थांबले. मला हाताला धरून दिव्याच्या खांबाखाली उभं केलं, स्वतः उजेडाकडे तोंड करून उभे राहिले आणि म्हणाले, "तुला ऐकू येत नाही गं. दोन वर्षं झाली."

मी म्हटलं, काहीतरीच काय बोलता. ते म्हणाले, "आता डोळे मीट." मी मिटले. उघडले तेव्हा त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं. म्हणाले, "मी आत्ता तुला हाक मारली. नवीन लग्न झालं तेव्हा मारायचो त्या नावाने. मोठ्याने. तो पलीकडचा माणूससुद्धा वळून बघतोय."

तो माणूस बघत होता.

३० सप्टेंबर

शाळेत गेले नाही.

१ ऑक्टोबर

राग, राग, राग. ह्यांचा राग, हेडसरांचा राग, पाहुणीचा सगळ्यात जास्त. कोण कुठली मुलगी येते आणि भर सभेत माझं बहिरेपण पदक घातल्यासारखं मिरवते! आणि पोरं? माझी पोरं इतके दिवस मला खेळवत होती की काय? मी फळ्याकडे वळल्यावर एकमेकांना खुणा करत असतील, हसत असतील. हा विचार आला की अंगाला काटा येतो.

संध्याकाळी खिडकीशी बसले होते. सहज मागे बघितलं तर दारात पाहुणी. कधीची उभी होती कोण जाणे. एक हात दिव्याच्या बटणावर ठेवलेला, पण दाबत नव्हती. दाबावं की नाही हे तिला कळेना. डोळे सुजून एवढाले झालेले.

तो हात बघून माझा राग कुठे गेला मला कळलं नाही. मी म्हटलं, "लाव गं. लाव दिवा."

तिने लावला, एकदा बंद केला, परत लावला, आणि आत येऊन माझ्यासमोर जमिनीवर बसली. हनुवटी वर करून म्हणाली, "मी मुलांना विचारलं होतं, असं का बोलायचं? ती म्हणाली, आमच्याकडे अशीच पद्धत आहे. मला वाटलं, आमच्याकडे म्हणजे देशात."

मग मुलांकडून काल कळलेलं सगळं तिने सांगितलं. गेल्या वर्षी, हाच वर्ग तिसरीत माझ्याकडे असताना, एकदा मी एका पोराचं बरोबर उत्तर चूक ठरवून त्याला उभं केलं होतं. तेव्हा पोरांना कळलं. मग कुणीतरी मोठ्यांच्या बोलण्यात ऐकलं की बाईंना ग्रंथालयात बसवणार. त्या दिवशी मैदानात सगळ्यांनी बसून ठरवलं, कसं उभं राहायचं, कसं बोलायचं, आणि बाईंना कळू द्यायचं नाही. पहिल्या बाकावर कुणी बसायचं यावर बरंच भांडण झालं, कारण तिथे दिवसभर ओरडावं लागणार होतं.

मी विचारलं, हसायची का गं माझ्यावर?

"नाही. घाबरायची. तुम्ही जाल म्हणून."

मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. पोटच्या पोरीजवळ रडावं तशी.

३ ऑक्टोबर

कान तपासले. काचेच्या खोलीत बसवलं, आवाज आला की बोट वर करा म्हणाले. मी वाट बघत बसले. आवाज कधी सुरू होणार, असं विचारायला बाहेर बघितलं तर तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, संपलं.

७ ऑक्टोबर

कानाला यंत्र बसवलं. हेडसरांकडे गेले. आयुष्यात पहिल्यांदा कळलं, त्यांचा आवाज चांगला भारदस्त आहे. मी म्हटलं, "सर, एक महिना द्या. जमलं नाही तर माझी मीच पुस्तकांच्या कपाटात जाऊन बसते." त्यांनी पेपरवेट बाजूला सरकवला. मग म्हणाले, "बाई, मी तुम्हाला स्पष्ट सांगायला हवं होतं. धीर झाला नाही. पोरांना जेवढं जमलं तेवढंसुद्धा जमलं नाही मला." वर्ग माझ्याकडे राहतोय. महिन्याने बघू म्हणाले.

९ ऑक्टोबर

पाहुणी गेली. दाराशी बुटांची जोडी नाही, घर रिकामं वाटतं. निघताना म्हणाली, "बाई, मी तुमच्या देशाबद्दल सगळं चुकीचं शिकले." मी म्हटलं, "पद्धत खरीच आहे. देशाची नाही, चाळीस पोरांची आहे, एवढंच. घेऊन जा खुशाल." ती म्हणाली, नेणारच आहे. मिठी मारताना कानाचं यंत्र केवढ्यांदा किंचाळलं, दोघी दचकलो आणि हसत सुटलो.

१३ ऑक्टोबर

आज वर्गात गेले, सभेनंतर पहिल्यांदाच. केस यंत्रावरून सोडलेले. पोरांना यंत्राचं अजून सांगितलं नव्हतं.

अहो, काय तो गलबला! बाकं सरकतायत, पेन्सिली पडतायत, दोघं कुस्ती खेळतायत, एक गातोय, खिडकीतला तर चक्क शिट्टी वाजवतोय. आणि मी समोर उभी! मी बघितलं की तोंडं मिटायची, आणि फळ्याकडे वळले की पुन्हा बाजार. शाळेतला सगळ्यात शांत वर्ग म्हणे! शेजारच्या बाईंच्या भिंतीपलीकडून चूं ऐकू येत नव्हतं. दोन वर्षं त्या बिचाऱ्या हे ऐकत होत्या आणि मी त्यांनाच नावं ठेवत होते. दुपारी त्यांना चहाला बोलावलं.

मी प्रश्न विचारला. शेवटच्या बाकावरचा उठला, हनुवटी वर, सावकाश उत्तर दिलं. मला ते पहिल्याच खेपेला ऐकू आलं. मागोमाग माझ्या टेबलापाशी भोंगा उठली, मान ताणून तेच उत्तर ओरडली. यंत्रातून तो आवाज असा घुसला की मी टेबल धरलं. तिच्या गळ्याची शीर दिसत होती. गेल्या वर्षापासून रोज ती शीर अशी ताणलेली असणार, आणि मी तिला गप्प बस म्हणत होते. गुळण्या करणाऱ्या पोरीच्या आईला मी डॉक्टर सुचवला होता!

मी केस मागे घेतले. कानामागचं यंत्र सगळ्यांना दाखवलं. म्हटलं, "आता मला सगळं ऐकू येतं. तो शिट्टीवालासुद्धा."

वर्ग खरोखर शांत झाला. असा शांत वर्ग मी पहिल्यांदा ऐकला.

मी भोंग्याजवळ गेले, खाली बसले, तिचे हात धरले. "आता ओरडायचं नाही हं, राणी. हळू बोललीस तरी चालेल. तुझ्या आवाजात बोल."

ती कितीतरी वेळ बघत राहिली, खरं आहे की नाही याचा अंदाज घेत. मग बोलली. भोंगा कसला, चिमणीएवढा आवाज, जरा घोगरा, आणि प्रत्येक शब्दाआधी किंचित अडखळणारा. तिचा आवाज मी आज पहिल्यांदा ऐकला.

"बाई," ती म्हणाली, "मग आता मी मागे बसू? माझ्या मैत्रिणीजवळ?"